जवस, खोबरं आणि आमच्या मोठीआईची खानावळ

नागपूरबाहेरच्या माणसाला सावजी जेवण म्हटलं की एकच गोष्ट आठवते, तिखट. वर तेलाचा थर, डोळ्यातून नाकातून पाणी, आणि मग त्याचे व्हिडिओ. मला ते बघून खरंच वाईट वाटतं. आमच्याकडे ज्या मसाल्यावर एक अख्खं घर उभं राहिलं त्याची ओळख फक्त मिरची कशी काय होऊ शकते?

मसाला करायचा दिवस म्हणजे घरात दुसरं काहीच होत नाही. मस्कासाथेच्या बाजारातून सामान येतं, धणे, कलमी म्हणजे दालचिनी, मसाला वेलची, दगडफूल, चक्रीफूल, लवंग, मिरे, खसखस, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जवस. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, एकत्र टाकले की गेलं सगळं, कारण धणे होईपर्यंत खसखस जळून कडू होते. जवस कढईत टाकला की थोडा वेळ गप्प असतो आणि मग एकदम तडतडायला लागतो, दाणे कढईबाहेर उड्या मारतात, त्या आवाजावरच तो उतरवायचा. खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून सरळ विस्तवावर, बाहेरून काळी होईपर्यंत. कांदाही तसाच, सालासकट निखाऱ्यात. रश्शाला तो काळपट रंग येतो तो ह्या भाजण्यातून, मिरचीतून नाही. आणि रस्सा दाट करायला भाजलेलं ज्वारीचं पीठ. आजी म्हणायची की मटण थोडं आणि खाणारे जास्त असले की ज्वारीच सगळ्यांना पुरवते.

ती परिस्थिती होतीच तशी. आम्ही कोष्टी, आजोबा हातमागावर नऊवारी लुगडी विणायचे. आमच्या शहरात जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला एम्प्रेस मिल सुरू केली, पुढे यंत्रमाग आले आणि हातमागाचं काम वर्षावर्षाला कमी होत गेलं. नंतर मिलही बंद पडली, आता त्या जागेवर मॉल आहे, पोरं तिथं पिक्चर बघायला जातात. पण काम गेलं तेव्हा गोळीबार चौक, टिमकी, तांडापेठ ह्या भागातल्या कितीतरी घरांपुढे एकच प्रश्न होता, आता काय करायचं. माग विकता येतो, पण तो विकून किती दिवस निघतील? हातात जे उरलं ते स्वयंपाकघरातलं होतं.

मोठीआईनं, म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाच्या बायकोनं, समोरच्या खोलीत जिथं माग होता तिथं दोन बाक टाकले आणि जेवण विकायला सुरुवात केली. बोर्ड नाही, काही नाही. रविवारी मटण आणि बाकीचे दिवस पाटोडी रस्सा, कारण रोज मटण घ्यायला भांडवलच नव्हतं. पाटोडी म्हणजे बेसन फोडणीच्या पाण्यात घोटून घट्ट करायचं, ताटात गरमगरम थापायचं, वरून खोबरं न् सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि शंकरपाळीसारख्या वड्या कापायच्या. आमच्याकडे वड्या रश्शात उकळत नाहीत, गिऱ्हाईक बसलं की वाढताना सोडायच्या, नाहीतर फुटून नुसतं पिठलं होतं. रस्सा तोच, मटणाचाच मसाला, त्यात काही कमी करायचं नाही हा तिचा नियम. गरीब माणसानं काऊन कमी मसाल्याचं खावं, असं ती म्हणायची, आणि मला वाटतं तिची खानावळ चालली ती ह्याच्यामुळंच.

त्या पैशात माझ्या चुलत बहिणी शिकल्या. एक नर्स झाली, एक बँकेत आहे. पण त्याची किंमतही ह्या घरानं दिली, ते पण लिहिलं पाहिजे. त्या दोघी मागच्या खोलीत अभ्यास करायच्या आणि युनिफॉर्मला मसाल्याचा वास बसायचा, धुतला तरी जायचा नाही, शाळेत पोरी बाजूला सरकून बसायच्या. मोठीआई कुणाच्याही लग्नात जेवणापर्यंत थांबली नाही, अक्षता पडल्या की घरी, संध्याकाळचं गिऱ्हाईक असायचं ना. नर्स झालेली ताई आजही मटण करत नाही. खाते मनापासून, पण स्वतः करायला ठाम नकार. आपण वारसा म्हणून कौतुक करतो तेव्हा असं नकार देणाऱ्या पोरींचाही त्यात हिस्सा असतो, असं मला फार वाटतं.

आता खानावळ वहिनी बघते. ती अमरावतीची, तिच्या माहेरी जवस फक्त चटणीत. लग्न झाल्यावर पहिली दोनतीन वर्षं मोठीआईनं तिला कढईजवळ येऊ दिलं नाही, नुसतं निवडणं न् कुटणं. वहिनीनं तेवढ्यात सगळं बघून घेतलं. मग तिनं एक बदल केला, रेडिमेड तिखट बंद करून भिवापूरची मिरची आणायला लागली आणि हळद वायगावची. 2016 मध्ये ह्या मिरचीला आणि हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण वहिनीला त्याचं काही नाही, तिचं म्हणणं एवढंच की रंग चांगला येतो म्हणून तिखट कमी घालावं लागतं. मोठीआई आठवडाभर बोलली नाही. मग एका रविवारी रस्सा चाखला, भाकरीचा दुसरा तुकडा बुडवला आणि म्हणाली, "जवस अजून जरासा होऊ दे वं, बाकी ठीक हाय."

आता तिचे गुडघे गेलेत, खाली बसवत नाही. यंदाचा मसाला वहिनीच करणार असं ठरलंय, मोठीआई खुर्ची टाकून बाजूला बसणार, आणि मिरची आणायला भिवापूरला मी जाणार आहे.