साठ मिनिटं तीस सेकंद

आष्टी तालुक्यात पहाटे रस्त्यावर पळणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, किती पळतो रे? ‘सोळाशे, सर.’ पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर असतं. त्यामुळं पळणं म्हणजे एवढंच, हे आमच्याकडं ठरूनच गेलंय. मी शाळेत खेळ शिकवतो आणि हे बदलायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. म्हणून मी पोरांना दिल्ली हाफ मॅरेथॉनबद्दल सांगत असतो.

ही शर्यत २००५ साली सुरू झाली. अंतर २१.०९७५ किलोमीटर. ‘सर, सरळ एकवीस का नाही?’ हे कुणीतरी विचारतंच. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन विंडसरच्या राजवाड्यापासून निघाली आणि स्टेडियममधल्या राजघराण्याच्या बैठकीसमोर संपली. ते भरलं ४२.१९५ किलोमीटर. १९२१ मध्ये तेच अंतर कायम झालं. आपलं त्याच्या निम्मं. एवढ्यावर पोरांचं समाधान होतं.

दिल्लीच्या हवेनं या शर्यतीला बराच त्रास दिलाय. २०१७ मध्ये धूर इतका होता की शर्यत पुढं ढकला म्हणून इंडियन मेडिकल असोसिएशन उच्च न्यायालयात गेली होती. शर्यत झालीच. पण लांब पळणाऱ्याच्या छातीत किती हवा जाते हे ज्याला माहीत आहे, त्याला डॉक्टरांचं म्हणणं पटेल. मला तरी पटलं होतं.

आता २९ नोव्हेंबर २०२०. कोरोनामुळं रस्त्यावर फक्त निवडक धावपटू होते, बाकीच्यांनी आपापल्या गावात पळून ॲपवर नोंद करायची होती. इथिओपियाचा अमदेवर्क वालेलेन ५८ मिनिटं ५३ सेकंदांत पहिला आला. आणि आपल्या मांडव्याचा अविनाश साबळे १ तास ३० सेकंदांत पोचला. ६१ मिनिटांच्या आत हाफ मॅरेथॉन पळणारा तो पहिला भारतीय. आई-वडील वीटभट्टीवर राबलेले, शाळा पाच-सहा किलोमीटरवर, बारावीनंतर सैन्यात भरती. आणि मुख्य शर्यत कोणती, तर तीन हजार मीटर स्टीपलचेस! अडथळे आणि पाण्याच्या उड्या मारणारा गडी सपाट रस्त्यावर एकवीस किलोमीटर असा पळला.

त्याचा वेग पोरांना समजावा म्हणून मी फळ्यावर भरतीचंच गणित मांडतो. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत आले की वीसपैकी वीस गुण. त्यासाठी पोरं वर्ष-वर्ष घाम गाळतात. अविनाशचा त्या दिवशीचा वेग होता किलोमीटरला २ मिनिटं ५२ सेकंद, म्हणजे १६०० मीटर ४ मिनिटं ३५ सेकंदांत. पूर्ण गुणांच्या पस्तीस सेकंद आधी. आणि हे एकदा नाही, न थांबता लागोपाठ तेरा वेळा, वर थोडं अजून. मी ‘गुणिले तेरा’ लिहितो तेव्हा मागच्या बाकावरचेसुद्धा मान वर करतात.

मग आम्ही रस्ता मोजायला घेतो. मोबाइलवर माझा भरवसा नाही. मोठ्या शर्यतींचा रस्ता खास तपासलेल्या सायकलनं मोजतात आणि अंतर कमी पडू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्त धरतात. आमच्याकडं स्टीलचा टेप आणि फक्कीची पाटी. दोघं टेप ताणतात, एक जण कडेला फक्कीची रेघ मारतो, चौथा वहीत लिहितो. फक्की पहिल्या पावसात जाते, म्हणून किलोमीटरच्या खुणा ऑइलपेंटनं करतो.

यंदा वही सातवीतल्या एका मुलीकडं आहे. आई-बाप ऊसतोडीला, ही आजीजवळ राहते आणि वस्तीवरून शाळेत पळतच येते. तिनं विचारलं, ‘सर, दिल्लीला बायकांना किती असतं?’ म्हटलं, तेवढंच, त्याच रस्त्यावर. त्याच दिवशी इथिओपियाची यालेमझेर्फ येहुआलाव १ तास ४ मिनिटं ४६ सेकंदांत पहिली आली होती.

‘मग आम्हाला आठशेच का?’

भरतीचे नियम माझ्या हातात नाहीत. शाळेचा सराव आहे. सोमवारपासून मुलं-मुली दोघांनाही पाच किलोमीटर लावलंय, पाचव्या खुणेपर्यंत, एकाच रेघेवरून सुरुवात. घरच्यांनी कुरकुर केली तर मी स्वतः जाऊन बोलणार आहे.