कौलाला काय विचारावं आणि काय विचारू नये

आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या चपलांचा जोड वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो, चालून चालून चपला झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या, ही त्यामागची श्रद्धा. तळकोकणातल्या ग्रामदेवतेची सगळी कल्पना त्या चपलांत आहे. हा देव सर्वशक्तिमान नाही. त्याला शीव आहे, शिवेपलीकडे दुसऱ्या गावचा देव. गाव राखायचा तर त्यालाही पायपीट चुकत नाही. गावाने मान, नारळ, वार्षिक वेळेवर द्यायचं आणि देवाने राखण करायची, असा हा उघड व्यवहार.

त्यामुळे घरात दुखणं आलं तरी "देवाने असं का केलं?" असं सहसा कोणी विचारत नाही. विचारतात ते "काय चुकलं?" गाऱ्हाण्यात त्याची सोय असते. "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात होते, जाणता-अजाणता झालेली चूकभूल पोटात घालायला सांगतात, लेकराबाळांची राखण मागतात आणि प्रत्येक मागणीला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा!" म्हणतात. चूक कबूल होते, पण कुणा एकाच्या माथी बसत नाही. आजारी माणसाभोवती सगळा गाव उभा राहतो. मला ही रीत फार मोलाची वाटते.

बिघडतं ते पुढे, कौल लावताना, म्हणजे देवाला प्रश्न विचारून त्याचं उत्तर मागताना.

गुरव पाषाण धुतो, उजव्या-डाव्या ठरलेल्या जागांवर ओल्या पाकळ्या, कळे किंवा तांदूळ चिकटवतो आणि अट मोठ्याने सांगतो: असं असेल तर उजवी दे, नसेल तर डावी. पाकळीला धरून ठेवतं ते पाणी. ते सुकलं की पाकळी सुटते. जाड देठाची आधी पडते, पातळ चिकटून राहते. दगडाला तेल असेल तर लगेच घसरते. दाराकडून वारा आला किंवा एका बाजूला समईची धग लागली, तर ती बाजू आधी सुकते. पेरणी उद्या की परवा, पालखी आधी कोणत्या वाडीत, अशा प्रश्नांना याने काही बिघडत नाही. दोन्ही उत्तरं चालण्यासारखी असतात आणि गावातला वाद मिटतो.

पण दुखणं करणीचं मानून "कोणी केलं?" असं विचारलं, तर तो प्रश्न हो-नाहीत बसत नाही. म्हणून एकेक नाव घेतात. उजवी-डावीची शक्यता सारखी धरली, तर पाच नावं विचारल्यावर एकाही नावाला उजवी न पडण्याची शक्यता 32 मध्ये 1. म्हणजे कोणी ना कोणी दोषी निघणार, हे पहिली पाकळी लावण्याआधीच जवळजवळ ठरलेलं असतं. आणि नावं सुचतात ती कुणाची? बांधावरून भांडण असलेल्या भावकीची, एकट्या राहणाऱ्या म्हातारीची.

सगळ्या जगाचा एकच देव मानला की प्रश्नच बदलतो. सगळं त्याच्या हातात, तर दुःखही त्याचंच. ब्रह्मसूत्रांत (2.1.34) याचं उत्तर आहे: ईश्वर पक्षपाती नाही आणि निर्दयही नाही, कारण तो प्राण्यांच्या कर्मानुसार फळ देतो. शंकराचार्य तिथे पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळ्यांना सारखा, पण भाताच्या बियाला भात येतं आणि जवाच्या बियाला जव. युक्तिवाद भक्कम आहे, देव त्यातून सुटतो. पण तापाने फणफणलेल्या दोन वर्षांच्या पोराच्या आईला "गेल्या जन्मीचं" म्हणून सांगितलं, तर दोष त्या पोराच्याच अंगावर येतो. भावकीवर ढकलण्याइतकंच हेही क्रूर आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

माकडतापाचं बघा. 1957 साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला हा रोग 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात आला. विषाणू पसरवते गोचीड. लागण वाढते काजूच्या हंगामात, जानेवारी ते मे, कारण तेव्हा माणसं पाल्यापाचोळ्यात वाकून बिया वेचतात. आधी माकडं मरतात, मग एकाच वाडीतली दोन-तीन माणसं तापाने पडतात. करणीचा संशय यायला याहून सोयीची परिस्थिती नाही. मेलेल्या माकडाला हात लावू नये, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावं. बागेत जाताना अंगभर कपडे आणि गोचीड दूर ठेवणारं तेल, परत आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडे लगेच धुवायला. अचानक जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकणं, हिरड्यांतून रक्त, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं. या तापावर नेमकं औषध नाही. वेळेवर सलाईन आणि देखरेख मिळाली तर बहुतेक रोगी वाचतात. कौलासाठी शनिवार-रविवारची वाट बघण्यात तीच वेळ जाते.

करणी केल्याचा आळ घेऊन एखाद्याला त्रास देणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे: सहा महिने ते सात वर्षं कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हाही त्याच कायद्याखाली गुन्हा.

मानकऱ्यांना आणि गुरवांना एवढीच विनंती: आजाऱ्याचं गाऱ्हाणं जरूर घाला, नारळ ठेवा, पण गाडी आधी दवाखान्याकडे निघू दे. आणि कौलाला माणसाचं नाव विचारायला कोणी आलं, तर पाकळी लावू नका.