रनडाऊनमधली एक ओळ चुकली की पडद्यावर काय होतं

बातमीपत्र चालू असताना पीसीआरमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या नियंत्रण कक्षात, पूर्वी सात-आठ माणसं बसायची. डायरेक्टर, स्विचरवाला (कुठलं चित्र प्रक्षेपणात जाणार ते बदलणारा), ऑडिओवाला, सर्व्हरवरून व्हिडिओ सोडणारा, ग्राफिक्सवाला, प्रॉम्प्टरवाला (अँकरला वाचायचा मजकूर पडद्यावर सरकवणारा). शिवाय आत फ्लोअरवर कॅमेऱ्यांमागे दोघं-तिघं. आज युरोप-अमेरिकेतल्या कित्येक वाहिन्यांवर तेवढंच बातमीपत्र दोघं-तिघं मिळून काढतात आणि कॅमेऱ्यामागे कुणीच नसतं. आपल्याकडे हा विषय निघाला की गाडी लगेच एआय अँकरवर जाते. चीनच्या शिन्हुआने 2018 मध्ये तसा अँकर दाखवला, आपल्या डीडी किसानवर मे 2024 मध्ये एआय क्रिश आणि एआय भूमी आले. पण काम मुळापासून बदललं ते पीसीआरमध्ये, आणि ते प्रेक्षकाला दिसत नाही. म्हणून इथे फक्त पीसीआरबद्दल लिहितोय.

पीसीआरमधली ही कामं आपोआप करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तीन नावं सारखी कानावर येतात: रॉसचं ओव्हरड्राइव्ह, ग्रास व्हॅलीचं इग्नाइट आणि मोसार्ट. मोसार्ट नॉर्वेतल्या बर्गनचं, टीव्ही 2 या वाहिनीच्या गरजेतून जन्मलेलं. 2014 मध्ये विझआरटी या टीव्ही ग्राफिक्सच्या कंपनीने ती कंपनी घेतली. बीबीसीच्या बातम्या 2013 मध्ये लंडनच्या न्यू ब्रॉडकास्टिंग हाऊसमध्ये गेल्या, तिथेही मोसार्टच आलं. पडद्यावरची मांडणी वेगवेगळी असली तरी तिघांची कामाची रीत एकच. प्रोड्युसर रनडाऊनमध्ये, म्हणजे बातमीपत्राच्या क्रमवार यादीत, बातमी लिहितो आणि तिला एक टेम्प्लेट लावतो. त्या टेम्प्लेटमध्ये कॅमेरा, माइक, ग्राफिक्स आणि व्हिडिओ, सगळ्यांच्या हालचाली आधीच बांधलेल्या असतात.

समजा, कांदा निर्यातीची बातमी आहे. पहिली ओळ: कॅमेरा 2, मिड शॉट, अँकरच्या खांद्याशी ग्राफिक. दुसरी: 25 सेकंदांचा व्हीओ (दृश्यं चालू, वर अँकरचा आवाज), त्यात तिसऱ्या सेकंदाला ॲस्टन (खालची नावाची पट्टी), पाच सेकंदांसाठी. तिसरी: बाईट, म्हणजे कुणाच्या तरी बोलण्याचा तुकडा. पीसीआरमध्ये ऑपरेटर एक कळ दाबतो. स्विचर कॅमेरा 2 वर कट होतो, अँकरचा माइक उघडतो, ग्राफिक चढतं, सर्व्हर पुढची क्लिप पहिल्या फ्रेमवर आणून उभी करतो आणि मोकळा झालेला कॅमेरा 1 पुढच्या शॉटच्या जागेकडे निघतो. दुसऱ्यांदा कळ दाबली की व्हीओ. ॲस्टन आपोआप येतो, आपोआप जातो.

न्यूजरूमचं सॉफ्टवेअर आणि ही यंत्रं एकमेकांशी मॉस नावाच्या प्रोटोकॉलमधून, म्हणजे निरोपांच्या ठरलेल्या भाषेतून, बोलतात. बातमी वर-खाली केली, उडवली, बदलली की तसा निरोप जातो. हे निरोप नेटवर्कच्या ज्या दारांतून जातात ती साधारणपणे पोर्ट 10540 आणि 10541. नवीन यंत्र जोडल्यावर काहीच हलत नसेल तर आधी फायरवॉलमध्ये हे दोन पोर्ट दोन्ही बाजूंनी उघडे आहेत का ते बघा. मग दोन्हीकडे मॉस आयडी, म्हणजे यंत्राचं ओळखनाव, अक्षरशः सारखा टाकलाय का ते बघा. एक टिंब जास्त असलं तरी समोरचं यंत्र ओळख देत नाही.

आता चुका. सगळ्यात जास्त दिसणारी चूक प्लेसहोल्डरची. प्रोड्युसर बातमी तयार करतो तेव्हा क्लिपची रिकामी जागा तयार होते आणि तिला एक आयडी मिळतो. एडिटरने त्याच जागेत व्हिडिओ भरायचा असतो. घाईत तो नवीन फाइल बनवतो आणि तिला तेच नाव देतो. माणसाच्या डोळ्याला दोन्ही एकच, यंत्राला नाही. रनडाऊनमध्ये ओळ लाल राहते, कुणीतरी म्हणतं "सर्व्हरवर आलीय, दिसतेय मला", आणि टेक दिल्यावर, म्हणजे कळ दाबल्यावर, काळा पडदा. दुसरी चूक कालची बातमी कॉपी करून आज वापरण्याची. मजकूर बदलला जातो, पण पोटातला ॲस्टन कालचाच राहतो आणि एका माणसाच्या चेहऱ्याखाली दुसऱ्याचं नाव जातं. ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते, कारण तिची किंमत ज्याचा चेहरा आहे त्याला मोजावी लागते. जुनी बातमी कॉपी केली की आधी तिच्यातल्या सगळ्या मॉस वस्तू (जोडलेल्या क्लिप, ॲस्टन, ग्राफिक्स) काढून टाकायच्या, मग मजकुराला हात लावायचा, हा क्रम सवयीचाच करायला हवा.

वेळेचं गणित मराठीत खास बिघडतं. इंग्रजीत बातमी वाचायला सेकंदाला तीन शब्द, म्हणजे मिनिटाला 180, असा ढोबळ दर धरतात, आणि सॉफ्टवेअरही शब्द मोजून वेळ काढतं. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटतात. ‘मुख्यमंत्र्यांच्या’ हा मोजणीत एकच शब्द. समजा, 90 शब्दांची बातमी आहे: यंत्र म्हणतं 30 सेकंद. अँकरचा खरा वेग मिनिटाला 120 शब्द असेल तर लागतात 45. अशा दहा बातम्या झाल्या की अडीच मिनिटं हातची गेली आणि शेवटची खेळाची बातमी कापली गेली. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक अँकरकडून साधारण 200 शब्दांच्या पाच बातम्या प्रॉम्प्टरवर वाचून घ्यायच्या, घड्याळ लावायचं, सरासरी काढायची आणि तो आकडा त्याच्या नावावर सेट करायचा. व्हीओच्या क्लिपला शेवटी किमान दहा सेकंद जादा दृश्यं ठेवायची, नाहीतर अँकर वाचतोय आणि चित्र शेवटच्या फ्रेमवर गोठलंय असं होतं.

देवनागरीचा खरा त्रास ग्राफिक्समध्ये. मॉसमध्ये मजकूर यूसीएस-2 या युनिकोडच्या प्रकारात जातो, म्हणजे देवनागरी वाटेत हरवत नाही. घोळ होतो तो पुढे. ॲस्टनच्या रकान्याला कुणीतरी इंग्रजी धरून 40 वर्णांची मर्यादा घातलेली असते. ‘मुख्यमंत्र्यांच्या’ या शब्दात आपल्याला पाच अक्षरं दिसतात. संगणक काने, मात्रे, अनुस्वार आणि हलन्त सुटे धरून 18 मोजतो. मर्यादा नेमकी हलन्तावर संपली की शेवटचं अक्षर पाय मोडून पडद्यावर उभं राहतं. मर्यादा वर्णांवर ठेवूच नका, ओळीच्या रुंदीवर ठेवा.

आणि ‘शेतकऱ्यांना’. यातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. पण मधल्या एखाद्या स्क्रिप्टने ‘नको असलेली अदृश्य चिन्हं’ साफ केली की दुसऱ्या पद्धतीतला जोडक जातो आणि पडद्यावर ‘शेतकर्यांना’ येतं, वर रफार घेऊन. मराठी वाहिनीवर दिवसातून पन्नास वेळा येणारा हा शब्द आहे, तो तरी नीट दिसायला हवा. न्यूजरूमच्या सगळ्या मशीनवर एकच कीबोर्ड मांडणी ठेवा आणि फॉन्ट बदलताना ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’, ‘द्ध’, ‘ट्र’, ‘श्र’ यांची एक चाचणी ओळ ग्राफिक्स इंजिनवरच चालवून बघा. वर्डमध्ये बघून काही कळत नाही.

रोबोट कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात. प्रत्येक शॉट प्रीसेट म्हणून साठवलेला असतो आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला कॅमेऱ्याला काही सेकंद लागतात. एकाच कॅमेऱ्याचे दोन वेगळे शॉट लागोपाठ लावले तर कॅमेरा प्रक्षेपणातच हलतो, किंवा प्रक्षेपणातला कॅमेरा हलू नये असं कुलूप असेल तर हलतच नाही आणि दुसरा शॉट चुकीचा मिळतो. कॅमेरे आलटून-पालटून लावा. उंच अँकरच्या जागी बुटका अँकर आला की प्रीसेट तोच राहतो आणि डोक्यावर नुसती भिंत दिसते. म्हणून अँकरनिहाय वेगळा संच साठवून ठेवा. खुर्चीच्या उंचीला खूण करा.

माइक टेम्प्लेटबरोबर उघडतो-मिटतो, तेव्हा पॅकेजच्या (बातमीदाराच्या आवाजातल्या तयार बातमीच्या) टेम्प्लेटमध्ये अँकरचा माइक बंद आहे ना हे प्रत्येक नव्या टेम्प्लेटला तपासायला हवं. व्हर्च्युअल सेट असेल तर चित्र चार-सहा फ्रेम उशिरा येतं. आपल्याकडे सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंद. सहा फ्रेमना 240. आवाजाला तेवढाच उशीर द्यायचा, पण अँकरच्या कानातल्या आवाजाला नाही. स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू आला की माणूस अडखळतो.

मोठी बातमी फुटते तेव्हा रनडाऊन लिहायला वेळ नसतो. त्यासाठी बातमीपत्राच्या बाहेर तयार टेम्प्लेटांची एक फळी ठेवतात: अँकर एकटा, अँकर आणि लाईव्ह दोन खिडक्या, फोनो (फोनवरून बोलणारा बातमीदार), पूर्ण पडद्यावर लाईव्ह, ब्रेकिंगची पट्टी. आठ-दहा पुरतात. चाळीस ठेवल्या तर ऐनवेळी सापडत नाहीत.

आणि सगळंच बसलं तर? 20 जून 2017 ला बीबीसीच्या दहाच्या बातम्यांना ह्यू एडवर्ड्स काही मिनिटं कॅमेऱ्यासमोर गप्प बसून होते, कारण ऐनवेळी तांत्रिक यंत्रणा कोसळली होती. इतक्या मोठ्या संस्थेत हे होतं तर कुठेही होईल. दुसरा सर्व्हर तयार ठेवाच, पण स्विचरचं पॅनलही जागेवर असू द्या आणि ते चालवता येणारा माणूस पाळीत असू द्या. पॅनलवर कागद चिकटवा: पहिलं बटण कॅमेरा 1, दुसरं कॅमेरा 2, सर्व्हर अमुक, लाईव्ह तमुक. आठवड्यातून एकदा, प्रक्षेपण नसताना, मॉसची जोडणी मुद्दाम तोडा आणि छापील रनडाऊनवरून पाच मिनिटं हाताने काढून बघा. प्रॉम्प्टरही तोडा, म्हणजे अँकरच्या टेबलावर छापील कागद खरंच ठेवला जातोय का तेही कळेल.