"बीपी नॉर्मल आहे ना, मग?": नाइट ड्यूटीचा माझा अनुभव

"बीपी किती?" एवढं एकच विचारून फोन ठेवणाऱ्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय. नाशिकच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी सर्जिकल वॉर्डला स्टाफ नर्स होते. पेशंट खालावतोय हे ओळखायला मला वेळ लागला नाही. ते डॉक्टरांच्या गळी उतरवताना मात्र जीव मेटाकुटीला आला.

निफाडकडचे एक काका, द्राक्षबागायतदार. डायबेटिस, बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू, मुतखड्याचं ऑपरेशन होऊन दुसरी रात्र. जानेवारीची थंडी. मध्यरात्रीच्या राउंडला काकू म्हणाल्या, "सिस्टर, ह्यांचं काहीतरी वेगळंच चाललंय. शेकोट्या पेटवल्या का, शेकोट्या पेटवल्या का, असं विचारतायत." पारा उतरला की निफाडला बागांमधून रात्री शेकोट्या पेटवतातच, त्यामुळे काका झोपेत बोलतायत असं कुणालाही वाटलं असतं. मी विचारलं, "काका, आत्ता कुठे आहात?"

"पिंपळगावला. मार्केटात."

संध्याकाळी हेच काका मला बिलाचा हिशेब विचारत होते. मी मनगट धरलं, नाडी मोजतेय असंच त्यांना वाटू दिलं आणि छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. २६. श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं की त्याची लय बदलते, म्हणून हात सोडायचा नाही. आधीच्या चार्टवर श्वासाच्या रकान्यात २० लिहिलेलं होतं. शेजारच्या बेडवर २०, त्याच्या शेजारीही २०. हा आकडा न मोजता लिहायची सवय कितीतरी वॉर्डांत आहे आणि मला त्याची मनापासून चीड येते, कारण तब्येत बिघडायला लागली की बहुतेक वेळा आधी श्वासच वाढतो. बीपी पडतं ते नंतर.

बाकी आकडे असे: नाडी ९६, बीपी १०८/७०, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) बाहेरून ऑक्सिजन न लावता ९४ टक्के, ताप १०१.२. युरोबॅगमध्ये, म्हणजे लघवीच्या पिशवीत, दोन तासांत जेमतेम ४० मिली लघवी. काका ७० किलोचे, म्हणजे तासाला निदान ३५ मिली तरी हवी.

आरएमओ सरांना, म्हणजे रात्री हॉस्पिटलात ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरांना, फोन लावला. "बीपी किती?" १०८ सांगितलं. "मग चांगलंय की. पॅरासिटामॉल दे, येतो मी." आले नाहीत. पुन्हा फोन केला, श्वास २६ आहेत म्हटलं. "ताप आहे, वाढणारच. पल्स शंभरच्या आत आहे ना?" आत होती, पण मेटोप्रोलॉलवर असलेल्या माणसाची नाडी फार वाढतच नाही. आणि ज्यांचं बीपी रोज १५० असतं त्यांचं १०८ होणं ही घसरण आहे. हे सांगेपर्यंत पलीकडून फोन बंद. कॅज्युअल्टीत अपघाताची केस आली होती हे मला नंतर कळलं, आणि ती अडचण खरीच होती. पण तासभर मी काकूंना "येतायत डॉक्टर" एवढंच सांगत होते. त्या काही बोलत नव्हत्या, पदराने काकांचं कपाळ पुसत होत्या. सिस्टरने कन्सल्टंटना, म्हणजे पेशंट ज्यांच्याकडे दाखल असतो त्या मोठ्या डॉक्टरांना, थेट फोन करायचा नाही, आरएमओमार्फतच जायचं, असा तिथला रिवाज.

माझ्या डायरीत न्यूज-२ चा, म्हणजे पेशंट किती खालावलाय ते गुणांत मोजायचा, तक्ता चिकटवलेला असायचा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने ही गुणपद्धत २०१२ मध्ये आणली, २०१७ मध्ये सुधारली. श्वास २५ किंवा जास्त, ३ गुण. नव्याने आलेला गोंधळ, ३. सॅच्युरेशन, नाडी, बीपी, ताप यांचा प्रत्येकी १. बेरीज १०. सात आणि त्यापुढे म्हणजे इमर्जन्सी. एकेकटा आकडा बघितला तर फोनवर कुणीही "ठीक आहे" म्हणेल. दहा म्हटल्यावर तसं म्हणता येत नाही.

नाइट सुपरवायझर मॅडमना बेडपाशी बोलावलं, तक्ता दाखवला आणि त्यांच्यासमोर कन्सल्टंटना फोन लावला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं होतं. "सर, खड्याच्या ऑपरेशनचे निफाडचे पेशंट, दुसरी रात्र, डायबेटिक, मेटोप्रोलॉलवर. तासाभरापासून कुठे आहेत ते त्यांना कळत नाही. श्वास २६, बीपी नेहमीच्या १५० वरून १०८, ताप, लघवी कमी. न्यूज स्कोअर १०. मला सेप्सिसची (जंतुसंसर्गाने शरीराचे अवयव बिघडायला लागण्याची) शंका आहे. तुम्ही आत्ता यावं आणि आयसीयूला शिफ्ट करायला सांगावं." शेवटचं वाक्य गाळू नका. काय हवंय ते आपण मागितलं नाही, तर समोरचा "लक्ष ठेव" म्हणून मोकळा होतो.

सरांनी बीपी विचारलंच नाही. "कल्चर घ्या, लॅक्टेट पाठवा, बेड सांगतो," म्हणाले. कल्चर म्हणजे कुठले जंतू आहेत ते शोधायची तपासणी, लॅक्टेट म्हणजे सेप्सिस किती गंभीर आहे ते कळायला करायची रक्ततपासणी. पुढचं सगळं भराभर झालं. अँटिबायोटिक बदललं, काका आयसीयूतून वॉर्डात परत आले आणि चालत घरी गेले. मला त्याचा अभिमान आहे.

प्रत्येक फोनची वेळ, कुणाशी बोललो आणि काय उत्तर मिळालं, हे नर्सेस नोट्समध्ये त्याच क्षणी लिहा. मी लिहिलं होतं, म्हणून सकाळी माझ्याकडे कुणी बोट दाखवू शकलं नाही. गोंधळलेला पेशंट डायबेटिक असेल तर शुगर आधी बघा, ती उतरली तरी माणूस गोंधळतो. काकांची १८६ होती, म्हणून तो प्रश्न तिथेच मिटला. थंडीत बोटं गार पडली की सॅच्युरेशन चुकीचं येतं, हात चोळून ऊब आणा, नेलपॉलिश असेल तर पुसा. नातेवाईक "हे नेहमीसारखे नाहीत" म्हणाले तर सगळे आकडे नव्याने घ्या. आणि न्यूज-२ चा हा तक्ता गरोदर बायकांना आणि १६ वर्षांखालच्या मुलांना लावायचा नाही. त्यांचे आकडे वेगळे असतात.