तिथीचा प्रोग्राम : पायथॉनकडून सीकडे जाताना गळलेले तास

तिथी काढण्याचा माझा पायथॉन भाषेतला प्रोग्राम आता निम्मा सी या भाषेत आहे. चंद्र-सूर्याचं गणित सीकडे, तारखा आणि छपाई पायथॉनकडे, मध्ये दुवा सी-टाइप्सचा, म्हणजे पायथॉनमधून सीची फंक्शन्स बोलावणाऱ्या लायब्ररीचा. गेला महिनाभर एखाददुसरी तिथी चुकत होती. रोज नाही, अधूनमधून. सूत्रं तीनदा ताडून पाहिली, सगळी बरोबर.

घोळ निघाला आकड्यांच्या प्रकारात. सीच्या फंक्शनमध्ये ज्युलियन दिनांक (दिवसांची सलग मोजणी, दिवस दुपारी बाराला सुरू) मी फ्लोट या अपूर्णांकाच्या प्रकारात घेतला होता आणि आर्गटाइप्समध्येही (फंक्शनला पाठवायच्या आकड्यांचे प्रकार) तेच लिहिलं होतं. पण पायथॉनचा फ्लोट म्हणजे सीचा डबल, ६४ बिटांचा. सीचा फ्लोट ३२ बिटांचा, त्यातही आकड्याच्या वाट्याला २४च बिट. १ जानेवारी २०००ची दुपार म्हणजे २४५१५४५.०. एवढ्या मोठ्या आकड्यापाशी फ्लोटची पायरी, म्हणजे लागोपाठच्या दोन आकड्यांमधलं अंतर, ०.२५ची पडते, म्हणजे चक्क सहा तासांची! २४५१५४५.१ पाठवून सीमध्ये छापून पाहिलं, तर २४५१५४५.०. दुपारचे २ वाजून २४ मिनिटं पुन्हा बारावर.

आता कोडं सुटलं. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. चंद्र सूर्याच्या आणखी १२ अंश पुढे सरकला की तिथी बदलते. सहा तासांच्या पायरीमुळे वेळ जास्तीत जास्त तीन तास चुकते, आणि तेवढ्यात तो साधारण दीड अंश सरकतो. तिथी सूर्योदयाच्या आगेमागे बदलत असेल त्याच दिवशी उत्तर फिरत होतं. दोन्हीकडे डबल केल्यावर पायरी सुमारे ४० मायक्रोसेकंदांवर आली आणि चुकलेल्या सगळ्या तिथ्या छापील पंचांगाशी जुळल्या. त्या रात्री झोप छान लागली.

मधे अपूर्णांक नकोतच म्हणून १ जानेवारी २०००ची तीच दुपार सीकडून पूर्ण मिलिसेकंदांत मागवून पाहिली होती. यायला हवं २११८१३४८८००००००, आलं −१४१४१३६८३२. रेसटाइप (परत येणाऱ्या उत्तराचा प्रकार) सांगितला नाही तर सी-टाइप्स इंट, म्हणजे ३२ बिटांचा पूर्णांक, धरून चालतं आणि खालचे ३२ बिट तेवढे उचलतं. एरर नाही, साधी सूचनाही नाही. त्यामुळे आता लायब्ररी लोड केली की लगेच प्रत्येक फंक्शनचे आर्गटाइप्स आणि रेसटाइप लिहूनच पुढे जातो. पूर्णांकासाठी सी-लाँग वापरू नका, ६४ बिटांच्या विंडोजवर तो ३२ बिटांचा आणि लिनक्सवर ६४चा असतो. सरळ सी-इंट-६४ घ्या.

तारखेवरून ज्युलियन दिनांक काढायचं सूत्र पायथॉनमध्ये आणताना आणखी एक ठेच लागली. त्यात (महिना − १४) / १२ असा पूर्णांकी भागाकार आहे. मार्चसाठी −११ ला १२ ने भागलं की सी ० देतं, कारण ते शून्याकडे छाटतं. पायथॉनचा // (तिथला पूर्णांकी भागाकार) खालच्या पूर्णांकावर उतरतो आणि −१ देतो. सध्या −((१४ − महिना) // १२) असं उलटवून लिहिलंय, बाराही महिने बरोबर येतात. सूत्रातले बाकीचे भागाकार आज रात्री तपासायला घेतोय.