आई सिंगापुरात चालायला लागली

आईचे गुडघे दुखतात म्हणून ती चालत नाही, असं आम्ही सगळेच तीन वर्षं धरून बसलो होतो. लातुरात भाजी आणायची तर रिक्षा, देवीला जायचं तर भावाची गाडी. मार्चमध्ये ती माझ्याकडे सिंगापूरला आली आणि चौथ्या दिवशी सकाळी चपला घालून दारात उभी राहिली. "मार्केटला मी एकटीच जाते." तासाभरानं परत आली. गुडघ्यांचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिच्यासोबत गेले. आमच्या बिल्डिंगपासून मेट्रो स्टेशनपर्यंत वर छप्पर आणि दोन्ही बाजू मोकळ्या अशी पायवाट आहे. ऊन असो, पाऊस असो, डोकं झाकलेलं. 2013 पासून पाचेक वर्षांत इथल्या सरकारनं स्टेशनांच्या आसपास अशा 200 किलोमीटर वाटा नव्यानं बांधल्या. मुळात हा विचार जुना आहे. 1822 च्या नगर आराखड्यातच दुकानांपुढं छपराचा सलग व्हरांडा सोडायचा नियम होता. जुन्या भागात त्या व्हरांड्यातून चालताना आई म्हणाली, "वाड्याच्या ओसरीतून चालल्यासारखं वाटायलंय."

सिग्नलला एक चिनी आजी आमच्या पुढं होत्या. त्यांनी खांबावरच्या डब्याला कार्ड टेकवलं. हिरवा माणूस लागला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ तसाच राहिला. म्हाताऱ्यांसाठी इथं 3 ते 13 सेकंद वाढवून मिळतात, जसा रस्ता रुंद तसे. आम्ही तिघी सावकाश ओलांडलो. आईनं मागं वळून थांबलेल्या गाड्यांकडं पाहिलं. कुणीही हॉर्न वाजवत नव्हतं. "आपल्यासाठी थांबल्यात?" तिनं दोनदा विचारलं. मला घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं.

कारण तीन वर्षांपूर्वी लातुरात एका मोटारसायकलचं हँडल तिच्या कोपराला लागून ती पडली होती. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर तिचं चालणं बंद झालं. आम्ही त्याला वय म्हणत राहिलो. ती मात्र सांगत होती, "कुठं चालू गं, गाड्या अंगावर यायलेत."

मागच्या सुट्टीत मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी फुटपाथची पायरी टेपनं मोजली: 38 सेंटिमीटर. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांत ती 15 च्या वर नको आणि चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी, असं स्पष्ट लिहिलंय. आमच्या त्या फुटपाथवर विजेची डीपी आणि तीन मोटारसायकली होत्या. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वापरण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या कलम 21 खालचा, म्हणजे जगण्याच्याच हक्काचा भाग आहे, असं सांगितलं. आईला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मग पायरी कधी फोडणार?"

एक सांगते, हातगाडीवाल्यांना हटवा असं माझं मुळीच म्हणणं नाही. 2014 च्या कायद्यानं त्यांनाही जागेचा हक्क दिलाय, आणि पेरूवाला, गजरेवाली आहे म्हणून तर पाय तिकडं वळतात. आईला सिंगापुरात नेमकं तेच नसणं खटकलं. महिनाभर चालली, पण "कुठं निघालात काकू?" असं कुणी विचारलं नाही. गंजगोलाईत दहा पावलांवर कुणीतरी विचारतंच. 1917 साली बांधलेली ती गोल बाजारपेठ, मधे देवी आणि चहूकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. पायी येणाऱ्या माणसासाठी यापेक्षा चांगली जागा कोण आखेल? मधली वाट तेवढी आपण गाड्यांना देऊन टाकली.

आई आता परत लातुरात आहे. काल फोनवर म्हणाली, रोज सकाळी सहाला, दुकानं उघडायच्या आत गोलाईला एक चक्कर मारते.

"त्या वेळेला सोळाच्या सोळा रस्ते दिसतात गं."