जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवताना

जर्मनीत परिचर्या हा कायद्याने नियंत्रित व्यवसाय असल्यामुळे, आपल्याकडची जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या) पदविका किंवा बीएस्सी नर्सिंगची पदवी आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी हाती असली तरी, तेथील संबंधित जर्मन राज्याच्या कार्यालयाची मान्यता मिळेपर्यंत सहायक म्हणूनच काम करावे लागते. तेथील तीन वर्षांच्या प्रशिक्षणात किमान २१०० तास अध्यापन आणि २५०० तास प्रात्यक्षिक असते, आणि आपला अभ्यासक्रम त्याच्याशी विषयवार ताडून पाहिला जातो. म्हणून माझ्या मते सर्वांत मोलाचा कागद म्हणजे कोणत्या विभागात किती तास काम केले याचा, महाविद्यालयाने सही-शिक्क्यानिशी दिलेला तक्ता. माझ्या महाविद्यालयाने आधी नुसत्या बेरजेचे पत्र दिले आणि ते अर्थातच परत आले.

दुसरा घोळ नावाचा. लग्नानंतर आपल्याकडे आडनावाबरोबर मधले वडिलांचे नावही जाऊन तेथे पतीचे येते, हे तिथल्या अधिकाऱ्याला उमगत नाही (आणि का उमगावे?), तेव्हा विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातील नावबदल यांची शपथबद्ध अनुवादकाने केलेली भाषांतरे अर्जासोबतच जोडावीत.

अभ्यासक्रमात तफावत आढळल्यास ती तफावत भरून काढणारे अनुकूलन प्रशिक्षण किंवा ज्ञानपरीक्षा यांपैकी एक निवडता येते. परीक्षा लवकर आटोपते खरी; पण ज्यांची जर्मन भाषा बी-टू स्तरावर (युरोपीय मोजपट्टीच्या सहा पायऱ्यांपैकी चौथ्या) जेमतेम पोहोचली आहे त्यांनी प्रशिक्षणच घ्यावे, कारण परीक्षेचा प्रात्यक्षिक भाग रुग्णाच्या खाटेपाशी होतो आणि आजारी आजोबा पुस्तकी जर्मन बोलत नाहीत.